सवयीची साखळी आणि सोबतीचा हात

प्रौढांसाठी श्रद्धाशिक्षण. घरी आधी वाचावे: योहान ११:३८-४४, रोमकरांस पत्र ७:१४-२५, याकोबाचे पत्र ५:१३-१६.



आजचा पाठ मी वेदीवरून देऊ शकलो नसतो. रविवारच्या मिस्साला पुढच्या बाकांवर प्रथम कम्युनियनची मुले बसलेली असतात आणि मागे त्यांच्या आज्या. म्हणून कागदावर लिहून देतो आहे. घरी नेऊन सावकाश वाचा.

आपल्यातल्या काही जणांचे लैंगिक वागणे त्यांच्या स्वतःच्या हाती राहिलेले नाही. घरातले सगळे झोपले की मोबाईलवर अश्लील चित्रफिती सुरू होतात आणि पहाटेचे तीन कधी वाजले ते कळत नाही. कुणी अनोळखी व्यक्तींशी तसले चॅटिंग करत बसतो, कुणी पगारातले पैसे बाजारात नेऊन घालवतो. दुसऱ्या दिवशी शपथ घेतली जाते, फोनमधले सगळे पुसले जाते, नोव्हेना सुरू होते. आठवडा जातो आणि पुन्हा तेच. बहुतेक वेळा त्यात सुखही उरलेले नसते. पुरुषांची संख्या जास्त दिसते, पण स्त्रियाही आहेत आणि त्यांना तर हे बोलायला जागाच नाही.

अशा माणसाने काय करावे? कन्फेशनला यावे, हे मी धर्मगुरू म्हणून सांगणारच. पण तेवढेच सांगून थांबलो तर उत्तर अर्धे राहते. त्याच दुखण्यातून जात असलेल्या दुसऱ्या माणसापाशीही त्याने जावे, हा उत्तराचा दुसरा अर्धा भाग. तो मला उशिरा समजला आणि त्यासाठी एका माणसाला किंमत मोजावी लागली. ते पुढे सांगतो.

पाप की आजार?

हा प्रश्न बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणाला २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. त्यात 'स्वतःला आवरता न येणारे लैंगिक वर्तन' या विकाराची नोंद आहे. दारूच्या व्यसनाच्या गटात न घालता त्याला आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत ठेवले आहे. लक्षणे साधारण अशी: सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ तेच वागणे चालू असते, त्यापायी तब्येत, घर आणि कामधंदा मागे पडतो, सोडण्याचे अनेक प्रयत्न फसलेले असतात, आणि नुकसान दिसत असूनही किंवा समाधान मिळत नसूनही माणूस थांबू शकत नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी मात्र २०१३ च्या आपल्या यादीत असा विकार घेतला नव्हता. डॉक्टरांमध्येही या विषयावर पुरते एकमत नाही, हे तुम्हाला ठाऊक असावे.

त्याच वर्गीकरणात एक सूचना आहे, ती आम्हा धर्मगुरूंनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. केवळ 'हे पाप आहे' या विचाराने होणारा मनस्ताप हा विकार ठरवायला पुरेसा नाही. म्हणजे सतरा वर्षांचा मुलगा एखाद्या पतनाने घाबरून गेला असेल, तर तो रोगी नव्हे. त्याने पापनिवेदन करावे, फुटबॉल खेळावा, अभ्यासाला लागावे. त्याला 'तू व्यसनी आहेस' असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. उलट चाळिशीच्या ज्या गृहस्थाची नोकरी आणि संसार दोन्ही या पायी डळमळले आहेत, त्याला 'मनावर ताबा ठेव' एवढेच सांगणे हाही अन्यायच.

आपली धर्मशिकवण या बाबतीत अनेकांना वाटते तेवढी कठोर नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, क्रमांक २३५२ मध्ये, हस्तमैथुन हे गंभीर रीतीने चुकीचे कृत्य म्हटले आहे. पण त्याच परिच्छेदात असेही सांगितले आहे की व्यक्तीची जबाबदारी जोखताना भावनिक अपरिपक्वता, जडलेल्या सवयीचा जोर, मनाची चिंताग्रस्त अवस्था, असे घटक विचारात घ्यायला हवेत. त्यांनी दोष कमी होतो, कधी फारच कमी होतो. कृत्य चांगले ठरत नाही, पण माणूस राक्षसही ठरत नाही. दोष कमी झाला तरी सुटण्यासाठी धडपडण्याची जबाबदारी त्याच्यावर राहतेच, हे मी आवर्जून जोडतो, कारण 'मला आजार आहे' हे वाक्य पळवाट म्हणूनही वापरता येते.

माहीत असते, तरी होते

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक धडा मला निव्वळ परीक्षेपुरता वाटला होता. प्रश्न असा: चांगले काय ते ठाऊक असून माणूस वाईट कसा वागतो? आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या पुस्तकात त्याने उत्तर दिले आहे. वासनेच्या क्षणी माणसाचे ज्ञान नाहीसे होत नाही, ते झोपी जाते. दारू चढलेला माणूस थोर कवीच्या ओळी घडाघडा म्हणू शकतो, पण त्या वेळी त्यांचा अर्थ त्याच्यापाशी जागा नसतो. तसेच हे. रात्री पावणेबाराला फोन हातात घेतलेल्या माणसाला दहा आज्ञा पाठ असतात. सहावी कोणती हे तो झोपेतही सांगेल.

मग त्या क्षणी त्याला आणखी एक प्रवचन देऊन काय उपयोग? त्याचे ज्ञान झोपलेले असेल, तर ज्याचे जागे आहे असा दुसरा कुणीतरी हवा.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हीच ओढाताण स्वतःच्या नावावर मांडली आहे: जे करावेसे वाटते ते हातून घडत नाही, जे नको तेच घडते. आणि संत ऑगस्टीन यांनी तर त्याची कडी न् कडी दाखवली. 'कबुलीजबाब' या त्यांच्या ग्रंथाच्या आठव्या भागात ते सांगतात की त्यांना बांधणारी साखळी दुसऱ्या कुणी घातलेली नव्हती. इच्छा वाकडी झाली तेव्हा वासना आली, वासनेची चाकरी केली तेव्हा सवय लागली, आणि सवयीला अडवले नाही तेव्हा तिच्यावाचून जगणेच अशक्य झाले.

ऑगस्टीन यांची गोष्ट आपण सांगतो तेव्हा मोनिकामातेचे अश्रू सांगतो आणि बागेत ऐकू आलेला लहान मुलाचा आवाज सांगतो. त्या दिवशी आधी काय घडले ते मात्र गाळतो. इसवी सन ३८६ ची ही गोष्ट, मिलान शहरातली. पोन्टिसियानस नावाचा त्यांच्याच आफ्रिकेचा एक सरकारी अधिकारी सहज घरी आला. बोलता बोलता त्याने ट्रियर शहरातल्या दोन सहकाऱ्यांची हकीकत सांगितली. दोघे त्याच्यासारखेच दरबारी नोकर. इजिप्तच्या संत अँथनींचे चरित्र वाचून त्यांनी एका दुपारी आयुष्य बदलले होते. ते ऐकून ऑगस्टीन हादरले. मोठमोठे ग्रंथ त्यांनी आधीच वाचले होते, बिशप अँब्रोझ यांची प्रवचने ऐकली होती. पण 'माझ्यासारख्याच एकाला जमले' हे त्यांच्या मनाला वेगळ्याच ठिकाणी लागले. मग ते बागेत गेले, तेव्हाही एकटे नव्हते. मित्र अलिपियस पाठोपाठ गेला आणि जवळ बसून राहिला. त्याने काही उपदेश केल्याची नोंद नाही. पुढच्या वर्षी ईस्टरच्या रात्री दोघांचा बाप्तिस्मा बरोबरच झाला.

अब्बा अपोलो

संत जॉन कॅसियन यांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. एक तरुण संन्यासी कामवासनेने त्रासला होता. तो एका वृद्ध संन्याशाकडे गेला आणि त्याने मन मोकळे केले. वृद्ध संतापला. असे विचार मनात येणारा माणूस संन्यासी म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, असे त्याने सुनावले. तरुण खचला आणि संन्यास सोडून शहराच्या वाटेला लागला. वाटेत त्याला अब्बा अपोलो भेटले. उतरलेला चेहरा पाहून त्यांनी खोदून खोदून विचारले, तेव्हा त्याने सारे सांगितले. अपोलो म्हणाले की यात नवल वाटण्यासारखे काही नाही, या वयात मलाही हे विचार रोज छळतात. फक्त आजचा एक दिवस परत जा, एवढे त्यांनी त्याच्याकडून मागून घेतले.

नंतर अपोलो त्या वृद्धाच्या खोपटापाशी गेले आणि रडून प्रार्थना केली की प्रभो, या तरुणाची लढाई या म्हाताऱ्यावर जाऊ दे. थोड्याच वेळात म्हातारा वेड्यासारखा आत-बाहेर धावू लागला आणि शेवटी त्याच शहराच्या वाटेला लागला!

ही गोष्ट मी अनेकदा हसत हसत सांगितली आहे. पण तिच्यातला म्हातारा मीच होतो. पंधराएक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले होते. (हे कन्फेशनमधले नाही. कन्फेशनमधले मी कधीच, कुठेच लिहिणार नाही. शिवाय ओळख पटेल असे सगळे इथे गाळले आहे.) त्यांनी फार चाचरत सांगितले. मी त्यांना थंड पाण्याने आंघोळ, नऊ दिवसांची नोव्हेना आणि 'घरात मुली आहेत, जरा विचार करा' असे तिन्ही एकदम दिले. ते 'हो फादर' म्हणाले आणि गेले. मिस्साला येणेही हळूहळू थांबले. पुढे कितीतरी वर्षांनी कल्याण स्टेशनच्या पुलावर अचानक भेटले. मी चुकलो हे मला तोवर कळले होते, म्हणून क्षमा मागितली. ते म्हणाले, "फादर, तुम्ही सांगितलंत ते सगळं मला आधीच ठाऊक होतं. पुढे एका सभेला गेलो, तिथं एक जण म्हणाला, 'मीसुद्धा'. हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

ती सभा कोणती

आता थोडी माहिती. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा दारू सोडलेला एक दलाल अमेरिकेतल्या ॲक्रन गावी धंद्यासाठी गेला होता. सौदा फसला. हॉटेलच्या एका बाजूला बार होता. आपण पुन्हा पिणार, हे त्याला दिसू लागले. तेव्हा त्याने हॉटेलात लावलेल्या चर्चच्या यादीतून एका पाळकांना फोन केला आणि बोलायला एखादा दारुडा मिळेल का, अशी चौकशी केली. त्या फोनातून पुढे डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या शल्यविशारदाची भेट झाली आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., जन्माला आली. बिलला त्या संध्याकाळी वाचवणारा सल्ला नको होता, आपल्यासारखा माणूस हवा होता. मदत करताना मदत करणारा सावरतो, हे त्या दोघांना तिथे उमगले.

चर्चच्या यादीतून ही चळवळ निघाली, आणि एका कॅथलिक धर्मगुरूचाही तिच्यात हात आहे. १९४० च्या हिवाळ्यात, गारांच्या पावसात, एड डाउलिंग नावाचे लंगडत चालणारे येशूसंघीय फादर बिलला भेटायला न्यू यॉर्कला आले. ते स्वतः पिणारे नव्हते. ए.ए.च्या बारा पायऱ्या आणि संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधना यांतले साम्य त्यांच्या ध्यानात आले होते. त्या रात्री बिलने त्यांच्यापुढे आपले सारे आयुष्य मोकळे केले. पुढची वीस वर्षे ते बिलचे आध्यात्मिक मार्गदर्शक राहिले.

भारतात ए.ए. १९५७ मध्ये आली. मुंबई परिसरात तिच्या कितीतरी सभा चर्चच्या शाळांच्या वर्गांतून भरतात. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. आपण स्वतः दारूच्या व्यसनातून सावरलेले आहोत हे ते उघडपणे सांगत आले. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धर्मगुरूने 'मीसुद्धा' म्हटल्याने धर्मगुरुपदाची शान गेली, असे मला तरी कुणी म्हटलेले आठवत नाही.

याच बारा पायऱ्या घेऊन १९७० च्या दशकात अमेरिकेत लैंगिक वर्तनासाठीही गट निघाले. बॉस्टनमध्ये १९७६ साली एक, मिनियापोलिसला १९७७ मध्ये दुसरा, आणि त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सेक्साहोलिक्स ॲनॉनिमस. मुंबईसह भारतातल्या काही शहरांत त्यांच्या सभा होतात, ऑनलाइनही होतात. स्त्रियांसाठी वेगळ्या ऑनलाइन सभाही असतात. संयम म्हणजे काय, याबद्दल मात्र गटागटांत फरक आहे. सेक्साहोलिक्स ॲनॉनिमसची व्याख्या कडक आहे: विवाहातील जोडीदाराखेरीज कुणाशीही नाही, आणि स्वतःशीही नाही. मिनियापोलिसच्या गटात प्रत्येक सभासद आपली मर्यादारेषा स्वतः आखतो. कॅथलिक माणसाला पहिली व्याख्या जवळची वाटेल. पण जवळपास दुसराच गट असेल, तर आपली रेषा ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणे आखायला त्याला तिथे कुणी अडवत नाही.

सभेत काय होते? फार काही नाही, आणि तेच तिचे बळ. दहा-बारा जण गोलाकार बसतात. आडनाव नाही, पत्ता नाही. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. चवीने वर्णन करायला बंदी असते, कारण ऐकणाऱ्यांना तेच जड जाते. नव्या माणसाला एक जुना सोबती मिळतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. मोह होईल तेव्हा, म्हणजे पडण्याच्या आधी, त्याला फोन करायचा. ॲरिस्टॉटलने झोपलेल्या ज्ञानाबद्दल जे म्हटले, त्यावरचा हा मला ठाऊक असलेला सगळ्यात व्यवहारी उपाय आहे. चौथ्या पायरीला आपल्या आयुष्याचा झाडा लिहून काढायचा, पाचव्या पायरीला तो देवापुढे, स्वतःपुढे आणि आणखी एका माणसापुढे मांडायचा. पुढे ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करायची, मात्र त्या भरपाईने त्यांनाच नवी इजा होणार असेल तर नाही. आणि मुदत? फक्त आजचा दिवस. अब्बा अपोलोंनी मागितला होता तेवढाच.

डोंबिवली-कल्याणच्या लोकांना मी हे एका उदाहरणाने समजावतो. लोकलच्या डब्यातला तुमचा ग्रुप आठवा. दोन दिवस तुम्ही दिसला नाहीत, की तिसऱ्या दिवशी फोन येतो: "काय रे, बरा आहेस ना?" त्या ग्रुपने तुम्हाला कधी उपदेश केलेला नसतो. पण कुणीतरी आपली जागा धरून ठेवली आहे, एवढ्यानेच माणूस उठून आवरतो. सभा तशीच असते. फरक इतकाच की तिथे सर्वांना एकमेकांचे सर्वात लाजिरवाणे गुपित ठाऊक असते, तरीही जागा धरलेली असते.

याने सगळे बरे होतात असे मात्र मी म्हणणार नाही. दारूबाबत ए.ए.चा उपयोग होतो, असे २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेच्या मोठ्या आढाव्यात दिसून आले. लैंगिक वर्तनाबाबत इतका भक्कम अभ्यास अजून झालेला नाही. शिवाय या वागण्याच्या मुळाशी नैराश्य किंवा लहानपणीचा अत्याचार असेल, तर सभेबरोबर डॉक्टरही हवेत. इथे आपल्या भागात एक विचित्र अडचण आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे, आणि तेव्हापासून 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद चालत आला आहे. त्या विनोदाने किती जणांना मानसोपचारापासून दूर ठेवले असेल! त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तिथे हजारो साधी, कामधंद्याची माणसे जातात. सरकारची टेलिमानस ही फोनसेवाही आहे, क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

संकेतस्थळे बंद करावीत असे अनेक पालक सुचवतात. सरकारने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये आठशेहून अधिक संकेतस्थळे बंद करायला सांगितली होती. मुलांच्या फोनवर कुलूप जरूर लावा. ज्याला सवय जडली आहे, त्याला मात्र कुलूप तोडायला फार वेळ लागत नाही.

कन्फेशन पुरेसे नाही का?

'फादर, मग देवाची कृपा कमी पडते का?' असे एका आजींनी मला विचारले. कृपा कमी पडत नाही. पापनिवेदनात मिळणारी क्षमा पूर्ण असते, ती टप्प्याटप्प्याने मिळत नाही. पण संत थॉमस ॲक्वायनस यांनी शिकवले आहे की दोष पुसला गेला तरी आधीच्या कृत्यांनी मनाला लागलेले वळण, दुबळे होऊन का होईना, मागे राहू शकते. हाड सांधले तरी पाय चालायला शिकवावा लागतो, तसे.

योहानाच्या शुभवर्तमानातला लाजरस पाहा. त्याला मेलेल्यांतून उठवले ते एकट्या प्रभू येशूने. त्यात कुणाचाही वाटा नाही. पण लाजरस बाहेर आला तेव्हा हातपाय पट्ट्यांनी बांधलेले होते, तोंडाला रुमाल होता. प्रभूला त्या पट्ट्याही एका शब्दात सोडवता आल्या असत्या. त्याने ते काम शेजारी उभ्या असलेल्या लोकांना सांगितले. कल्पना करा, चार दिवसांच्या प्रेताच्या पट्ट्या सोडायला पुढे कोण झाले असेल? दुर्गंधी येईल, असे मार्थाने नुकतेच बजावले होते. तरी कुणीतरी हात लावला. आणि संत याकोबाने तर एकमेकांजवळ पापे कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे बरे व्हाल, अशा अर्थाचे स्पष्टच लिहिले आहे. पापक्षमेचा अधिकार धर्मगुरूकडे आहे, तो सभेला नाही. पण बरे होण्याच्या वाटेवर बंधूंना बाजूला सारायला याकोब तयार नाही.

दोन गोष्टी, ज्यांत तडजोड नाही

पहिली, पत्नी किंवा पती. नवरा सभेला जाऊ लागला म्हणून बायकोने लगेच क्षमा करून मोकळे व्हावे, असा आग्रह कृपा करून कुणी धरू नका, सासूबाईंनी तर नाहीच. तिचा विश्वास मोडला आहे. कदाचित तिला स्वतःची वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागेल. तिच्यासाठीही असेच वेगळे कुटुंबीयांचे गट आहेत. 'तू नटूनथटून राहिली असतीस तर' असे बोलणे तर पापच आहे.

दुसरी, मुले. लहान मुलांशी गैरवर्तन करणाऱ्याला 'बिचाऱ्याची सवय' म्हणून कुठल्याही सभेने पाठीशी घालू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि सभेतली गुप्तता त्याच्या आड येत नाही. मुलांच्या अश्लील चित्रफिती बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. सभा चालवणाऱ्यांनी नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगावे.

खोलीविषयी

आता हे सगळे आताच का लिहिले ते सांगतो. अशा एका गटाने आपल्या धर्मग्रामाकडे खोली मागितली आहे. पॅरिश कौन्सिलमध्ये चर्चा झाली. एका सभासदांनी विचारले, "चर्चच्या आवारात असली माणसं? बाजूलाच कॅटेकिझमचे वर्ग भरतात." त्यांचा प्रश्न मी उडवून लावला नाही, कारण मुलांची काळजी योग्यच आहे. म्हणून मुले आवारात असतात त्या दिवशी ही सभा भरणार नाही. ती बुधवारी रात्री साडेआठला, शाळेची इमारत रिकामी झाल्यावर भरेल आणि जिना मागच्या बाजूचा वापरला जाईल. पण 'असली माणसं' या शब्दांवर मी थोडे बोललो. असली माणसे बाहेरून येणार आहेत असे आपण धरून चालतो. मला वाटते त्यांतली काही दर रविवारी आपल्या शेजारी बसून शांतीचा हात देतात.

गमतीचा भाग असा की आपल्या आवारात भरणाऱ्या सभेला आपल्यातले कुणी येण्याची शक्यता कमीच. ठाण्याचा माणूस कल्याणला जाईल, डोंबिवलीचा वांद्र्याला, जिथे ओळखीचे तोंड दिसणार नाही तिथे. आपली खोली कदाचित मुलुंडच्या आणि बदलापूरच्या माणसांच्या कामी येईल, आणि आपल्या माणसाला दुसऱ्या एखाद्या धर्मग्रामाने खोली दिलेली असेल. चालेल.

कौन्सिलने सहा महिन्यांसाठी परवानगी दिली आहे. गटाला खोली फुकट नको आहे. बाहेरच्यांची देणगी न घेण्याचा त्यांचा नियम आहे, त्यामुळे भाडे आणि विजेचे पैसे ते आपल्या टोपीत जमा झालेल्या रकमेतून देतील. सभा चर्चची नाही, प्रमुख मी नाही, आणि कोण येते-जाते याची नोंद ऑफिसात होणार नाही. वॉचमनला तसे सांगितले आहे. खोलीच्या किल्ल्या दोन: एक गटाकडे राहील, दुसरी शाळेच्या शिपायाकडे. माझ्याकडे मी ठेवलेली नाही.